सोल्जर्स डिलाइटची क्रोमाइट खाण एवढी लहान का होती आणि ती बंद का पडली?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : बाल्टिमोरजवळ ओविंग्ज मिल्स येथे राहायला आल्यापासून आपण सोल्जर्स डिलाइट या राखीव माळरानावर फिरायला जाता. तिथे पायवाटेलगत चोट नावाच्या, क्रोमाइट या क्रोमियमच्या खनिजाच्या जुन्या खाणीचे तोंड दिसते. एकेकाळी जगाला लागणारे बहुतेक क्रोमियम याच भागातून जात होते असे आपण वाचले, पण प्रत्यक्षात खाण पाहिली तर ती अगदी छोटी. मग ते विधान खरे मानायचे का, खनिज संपले म्हणून खाण बंद झाली का, आणि आपल्या सासरी कणकवलीजवळच्या जमिनीत सापडणाऱ्या काळ्या, जड दगडांचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

माझी नोकरी ओडिशा आणि कर्नाटकातील क्रोमाइट खाणींमध्ये भूवैज्ञानिक म्हणून झाली, आणि मेरीलँडचा हा पट्टा मी नंतर मुद्दाम जाऊन पाहिला. त्यामुळे आपल्या तीनही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो : क्रोमाइटची खाण लहान राहते ती कशामुळे, आणि तिचे आयुष्य कोण ठरवते? आकार ठरतो तो तिथल्या खडकाच्या जन्मकथेवरून आणि आयुष्य ठरते ते बऱ्याचदा हजारो मैल दूर घडलेल्या गोष्टींवरून. सोल्जर्स डिलाइटमध्ये या दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात.

आधी ते विधान. ते खरे आहे, पण त्याला काळाची मर्यादा आहे. साधारण १८२८ ते १८५० या काळात मेरीलँड आणि त्याला लागून असलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या दक्षिण सीमेवरील खाणी जगाच्या गरजेचा मोठा वाटा पुरवत होत्या. मात्र तेव्हा जगाची गरजच फार थोडी होती. व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्रोमियम हे मूलद्रव्य ओळखले ते १७९७ साली, सायबेरियातून आलेल्या तांबड्या रंगाच्या शिशाच्या खनिजात. पुढची कित्येक दशके क्रोमियमचा उपयोग होता तो रंगांसाठी : शिशाबरोबर केलेला क्रोम पिवळा आणि सुती कापडाच्या छपाईत व रंगाईत लागणारे पोटॅशियम बायक्रोमेट. क्रोम वापरून कातडे कमावण्याची पद्धत व्यापारी पातळीवर आली ती १८८४ नंतर, आणि शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस स्टील पुढे आणले ते १९१३ साली. आज खाणीतून निघणाऱ्या क्रोमाइटचा फार मोठा भाग पोलादाकडे जातो. त्या वेळी ते गिऱ्हाईकच नव्हते. आजची ओडिशाच्या सुकिंदा खोऱ्यातली एखादी मोठी खाण एका वर्षात जेवढे खनिज काढते, तेवढ्यावर १८४० सालच्या सगळ्या जगाची अनेक वर्षे भागली असती. म्हणून लहान खाण आणि मोठा वाटा यांत विरोध नाही.

आता खडकाकडे वळू. क्रोमाइट हे लोह आणि क्रोमियमचे ऑक्साइड. शुद्ध रूपात त्यात क्रोमियम ऑक्साइडचे प्रमाण सुमारे ६८ टक्के असते, पण निसर्गात ते कधीच इतके शुद्ध मिळत नाही. क्रोमियमच्या जागी ॲल्युमिनियम आणि लोहाच्या जागी मॅग्नेशियम शिरते, आणि त्या भेसळीवर मालाचा दर्जा ठरतो. क्रोमाइटचे साठे तयार होतात ते पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून आलेल्या, ऑलिव्हिन या हिरवट खनिजाने भरलेल्या आणि सिलिका फार कमी असलेल्या खडकांत. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये क्रोमाइटचे चार कण सापडतात, पण त्यात कोणी खाण काढू शकणार नाही.

या साठ्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला थरांचा. शिलारसाचा एक प्रचंड साठा भूगर्भात शांतपणे थंड होत असताना जड क्रोमाइटचे कण एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर वेगळे होतात आणि त्यांचे थर बनतात. दक्षिण आफ्रिकेचा बुशवेल्ड आणि झिम्बाब्वेचा ग्रेट डाइक ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे, आणि आपल्याकडचा ओडिशातला सुकिंदा पट्टाही थरांचाच. असा थर एकदा सापडला की तो कैक किलोमीटर सलग चालतो. खाणवाल्याला उद्या काय मिळणार याचा अंदाज आज बांधता येतो.

दुसरा प्रकार भिंगाच्या किंवा शेंगेच्या आकाराच्या पुंजक्यांचा, आणि सोल्जर्स डिलाइट या प्रकारात मोडते. समुद्रतळाखालच्या प्रावरणातून शिलारस वर चढत असताना तो वाटेतल्या खडकातील पायरॉक्सिन हे दुसरे खनिज विरघळवतो आणि त्या जागी ऑलिव्हिन सोडतो. त्यामुळे वाटेभोवती डुनाइट या जवळजवळ निव्वळ ऑलिव्हिनच्या खडकाचे वेष्टण तयार होते. याच वाटांमध्ये वेगवेगळ्या घडणीचे रस एकमेकांत मिसळतात तेव्हा काही काळ फक्त क्रोमाइटच बाहेर पडते, आणि ते तिथेच साठून राहते. धिरड्याचे पीठ नीट फेटले नाही तर त्यात जशा गुठळ्या राहतात, तसे हे पुंजके खडकात विखुरलेले असतात : एखादा हाताएवढा, एखादा घराएवढा, आणि दोन पुंजक्यांच्या मधल्या खडकात काहीच नाही.

त्यानंतर या खडकांचे जे झाले त्याने काम आणखी अवघड केले. सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी इयापेटस नावाचा प्राचीन महासागर मिटू लागला, आणि त्याच्या तळाकडचे हे तुकडे आजच्या उत्तर अमेरिकेच्या काठावर ढकलले गेले. या प्रवासात पाणी शिरून ऑलिव्हिनचे सर्पेंटाइन हे मऊ, हिरवे खनिज झाले. तसे होताना खडक फुगतो, तडकतो, आणि त्यात साबणासारख्या गुळगुळीत, हिरव्या चकाकत्या पृष्ठांचे जाळे तयार होते. क्रोमाइट मात्र टणक राहते. मऊ खडक सरकत असताना हा टणक पुंजका तुटतो आणि त्याचे तुकडे एकमेकांपासून दूर ओढले जातात.

अशा खाणीत काम करताना काय होते ते सांगतो, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. समोर दोन माणसे उभी राहतील एवढ्या रुंदीचे काळे, भरीव खनिज असते. पाळीमागून पाळी ते निघत राहते. मग एके दिवशी सुरुंगाचा धूर निवळल्यावर समोर हिरवी, ओलसर, आरशासारखी भिंत दिसते, आणि खनिज सुरीने कापल्यासारखे संपलेले असते. तिथे पहिले काम म्हणजे त्या भिंतीवरून बोटे फिरवून ओरखडे शोधणे. खडक कोणत्या दिशेने घसरला ते ओरखडे सांगतात, आणि तुटलेला तुकडा कोणत्या बाजूला असेल याचा तोच पहिला धागा. दुसरा धागा डुनाइटचे वेष्टण. ते पुढे चालू असेल तर आशा धरायची, ते संपून पायरॉक्सिनचा खरबरीत खडक लागला तर वळायचे. मग पंख्यासारखी चार-पाच छिद्रे पाडून पाहायची. कधी काही मीटरवर पुढचा पुंजका लागतो, कधी लागतच नाही. चुंबकीय मोजणीचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण सर्पेंटाइन तयार होताना त्यातच मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज तयार होते आणि सगळा डोंगरच चुंबकीय संकेत देतो. गुरुत्वमापन करता येते, पण पुंजका लहान आणि खोल असेल तर तोही संकेत हरवतो.

म्हणून ‘खनिज संपले’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे जमिनीत खनिज उरलेच नाही. दुसरा म्हणजे माहीत असलेला पुंजका संपला आणि पुढचा शोधण्याचा खर्च परवडेना. लहान क्रोमाइट खाणींच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसराच अर्थ खरा असतो, आणि तो खर्च परवडतो की नाही हे बाजारभावावर अवलंबून असते.

सोल्जर्स डिलाइटमध्ये केवळ कठीण खडकातूनच खनिज निघत नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागेल. सर्पेंटाइन झिजून वाहून जाते, पण क्रोमाइट टिकते. त्याचे विशिष्ट गुरुत्व ४.५ च्या आसपास, तर सर्पेंटाइनचे २.६ च्या आसपास. त्यामुळे ओढ्यांच्या वळणांवर आणि सखल जागी काळी वाळू साठते. ही वाळू फावड्याने काढून उतरत्या तळाच्या लाकडी हौदात वाहत्या पाण्यात ढवळली जाई. हलकी माती पाण्याबरोबर निघून जाई आणि जड क्रोमाइट हौदाच्या वरच्या टोकाशी राही. ना सुरुंग, ना बोगदा, ना छताला लाकडांचा आधार. भांडवल नसलेल्या माणसालाही हे काम जमत होते, आणि माझ्या मते या भागाच्या इतिहासात ओढ्यांतील वाळूला जेवढे श्रेय मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही.

या सगळ्या उद्योगामागे मुख्यतः एक माणूस होता : आयझॅक टायसन ज्युनियर, बाल्टिमोरच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या व्यापारी घराण्यातला. शहराच्या उत्तरेला बेअर हिल्स येथे १८१० च्या सुमारास क्रोमाइट ओळखले गेले होते आणि टायसनने त्यात लक्ष घातले. १८२७ सालची एक हकिकत सांगितली जाते. बाल्टिमोरच्या बाजारात सायडरची पिंपे भरलेली एक गाडी उभी होती आणि पिंपे गडगडू नयेत म्हणून त्यांना काळ्या दगडांची ओट लावली होती. टायसनने ते दगड क्रोमाइटचे असल्याचे ओळखले, ते कुठून आले याची चौकशी केली आणि हार्फर्ड परगण्यातल्या त्या शेतापर्यंत तो पोहोचला.

हकिकत रंजक आहे, पण टायसनचे खरे मोठेपण मला त्यापुढच्या गोष्टीत दिसते. त्याने एक नियम ताडला : क्रोमाइट सापडते ते सर्पेंटाइनमध्येच, आणि सर्पेंटाइन ओळखता येते ते वरच्या उजाड माळावरून. आपण फिरता त्या जागी आजूबाजूच्या घनदाट झाडीत अचानक गवताळ, खुरट्या ओकचे माळरान लागते ना, त्याचे कारण हाच खडक. त्यातून तयार होणारी माती उथळ असते, तिच्यात मॅग्नेशियम भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, शिवाय निकेल व क्रोमियमचा अंश. बहुतेक झाडांना ती मानवत नाही. शेतकऱ्यांनी निरुपयोगी म्हणून सोडलेल्या या माळांच्या खुणेने टायसन ईशान्येकडे सरकत गेला आणि जिथे जमले तिथे जमिनी किंवा खाणीचे हक्क घेत गेला. वनस्पतींवरून खडक ओळखण्याची ही रीत मी स्वतः आयुष्यभर वापरली आहे. नकाशा उघडण्याआधी झाडोरा पाहावा, असे मी नव्या मुलांना सांगत असे.

या शोधातून १८२८ साली पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यात, अगदी राज्याच्या सीमेवर ऑक्टोरारो ओढ्याजवळ वुड खाण मिळाली. पुंजक्यांच्या प्रकारातही क्वचित एखादा पुंजका फार मोठा निघतो, आणि हा तसा होता. ही खाण ७०० फुटांपर्यंत खोल गेली आणि तिच्या आयुष्यात जवळपास एक लाख टन खनिज निघाले. खनिजांच्या संग्राहकांना ती आजही ठाऊक आहे, ती तिथल्या केमेरेराइट या खनिजामुळे. क्रोमियममुळे जांभळट-गुलाबी झालेले ते क्लोराइट काळ्या क्रोमाइटच्या भेगांवर पातळ पापुद्र्यासारखे बसलेले असते. आपल्याला जवळपासच्या एखाद्या संग्रहालयात वुड खाणीचा नमुना दिसला तर जरूर थांबून पाहा. चोट खाण तिच्यापुढे किरकोळ होती. सोल्जर्स डिलाइटच्या खाणी या मोठ्या व्यवसायाचा एक भाग होत्या, आणि ‘जगाला क्रोमियम पुरवले’ हे विधान एकट्या चोटचे नसून या सबंध पट्ट्याचे आहे.

सुरुवातीला खनिज जहाजांतून ब्रिटनला जात असे आणि तिथे त्याचे बायक्रोमेट होई. १८४५ साली टायसनने बाल्टिमोर बंदराच्या काठावर स्वतःचा कारखाना काढला. आता खाण आणि कारखाना दोन्ही त्याच्याच हातात होते.

पण तीनच वर्षांत, १८४८ मध्ये, तुर्कस्तानात बुर्सा शहराच्या परिसरात क्रोमाइटचे मोठे साठे सापडले. ते शोधणारा जॉन लॉरेन्स स्मिथ हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. ऑटोमन सरकारने त्याला कापसाच्या लागवडीबद्दल सल्ला देण्यासाठी नेले होते आणि पुढे त्याच्याकडे खनिजांच्या पाहणीचे काम आले. तुर्कस्तानचे साठेही पुंजक्यांचेच, पण तिथले पुंजके मोठे, संख्येने जास्त आणि बरेचसे जमिनीलगतचे. पुढच्या काही दशकांत तुर्की खनिजाने ब्रिटिश बाजार घेतला. चोटसारख्या खाणीला पुढचा पुंजका शोधायला जो पैसा लागला असता, तो देण्याचे कारणच उरले नाही.

खनिज संपल्यामुळे नव्हे तर भावामुळे हा व्यवसाय आटला, याचा मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा टायसनच्या कारखान्यात आहे. टायसन १८६१ मध्ये वारला, आसपासच्या खाणी एकेक करून थंडावल्या, पण कारखाना चालूच राहिला, कारण तो बाहेरून आलेल्या खनिजावर चालू लागला. हात बदलत बदलत तो १९८५ पर्यंत सुरू होता. बाल्टिमोरमध्ये क्रोमियमची मागणी कधीच संपली नव्हती. शहरापासून गाडीने तासाभराच्या आत खाणी असूनही समुद्रापलीकडचे खनिज स्वस्त पडत होते.

याची उलट बाजूही तपासून पाहता येते. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा माल अडला, भाव चढले, आणि चोट खाण थोड्या काळासाठी पुन्हा उघडली. युद्ध संपले, जहाजे सुरू झाली, भाव उतरले आणि ती पुन्हा बंद झाली. खनिज खरोखर पूर्ण संपले असते तर ती उघडण्याच्या फंदात कोणी पडले नसते. अर्थात तिथे आज मोठा साठा दडलेला आहे असा याचा अर्थ काढू नये. उरले असेल ते विखुरलेले, लहान, आणि आजच्या यंत्रयुगात कोणाच्याही हिशेबात न बसणारे आहे.

आता थोडे सावधगिरीचे, कारण आपण मुलांना बरोबर नेता असे लिहिले आहे. क्रोमाइटचा दगड हातात घेण्याने काही होत नाही. त्यातील क्रोमियम त्रिसंयुजी असते आणि ते सहजी विरघळत नाही. घातक असते ते षट्संयुजी क्रोमियम, आणि ते मुख्यतः कारखान्यात, क्रोमाइट अल्कलीबरोबर भाजताना तयार होते. म्हणूनच बाल्टिमोरला साफसफाईचा मोठा प्रश्न बंदरावरच्या कारखान्याच्या जागेवर उभा राहिला. माळावर काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची. जुन्या खाणींच्या तोंडांपासून दूर राहावे, कारण सर्पेंटाइनचे छत कोणतीही सूचना न देता सुटते. आणि तंतुमय, रेशमासारखी शीर दिसणारा हिरवा दगड फोडू नये, कारण तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. दगड आणि रोपे तिथून उचलूही नयेत, ती जागा राज्याने संरक्षित केलेली आहे. अनेक दुर्मिळ वनस्पती तिथे तग धरून आहेत, आणि माळ मोकळा राहावा म्हणून पसरत चाललेले पाइन तोडण्याचे व नियंत्रित आग लावण्याचे काम तिथे चालते. एखादे दिवशी जळालेले गवत किंवा तोडलेली झाडे दिसली तर ती नासधूस समजू नका.

राहिला कणकवलीचा प्रश्न. संबंध आहे, पण नाते दूरचे. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे परिसरात क्रोमाइटची नोंद भूवैज्ञानिकांनी खरोखर केलेली आहे, तशी ती विदर्भात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतही आहे. ते खडक सह्याद्रीच्या बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने, त्याच्या खालच्या मूळ खडकांच्या कुळातले आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर जांभा चढलेला आहे. मेरीलँडच्या खडकांशी त्यांचे साम्य एवढेच की दोन्ही प्रावरणातून आलेल्या, ऑलिव्हिनप्रधान खडकांचे बदललेले रूप आहेत. घडण्याचा काळ आणि परिस्थिती वेगळी. महाराष्ट्रातले हे साठे मोठे झाले नाहीत, आणि १९४९ मध्ये सुकिंदाचा शोध लागल्यानंतर त्यांच्याकडे पाहण्याची निकडही कमी झाली. देशातला क्रोमाइटचा जवळजवळ सगळा साठा आज ओडिशात मोजला जातो. बुर्साच्या साठ्यांनी चोट खाणीचे जे केले, तेच सुकिंदाने आपल्याकडच्या लहान साठ्यांचे केले.

आपल्या शेतातले दगड मात्र क्रोमाइटचे आहेत असे मी इथून म्हणू शकत नाही. कोकणात काळे आणि जड दगड अनेक असतात : जांभ्यातले लोहाचे खडे, मॅंगनीजचे तुकडे, मॅग्नेटाइट. घरच्या घरी एक चाचणी करता येते. चिनी मातीच्या फरशीची पाठीमागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि तिच्यावर दगड जोरात घासा. क्रोमाइटची रेघ गडद तपकिरी येते, मॅग्नेटाइटची काळी, हेमॅटाइटची लालसर, मॅंगनीजची बहुधा काळी. त्यानंतर साधे लोहचुंबक लावून पाहा. मॅग्नेटाइट त्याला घट्ट चिकटते, क्रोमाइट अगदी किंचित ओढले जाते किंवा जातच नाही. दोन्ही खुणा जुळल्या आणि आसपास हिरवट, बुळबुळीत स्पर्शाचा खडक दिसत असेल, तर नमुना रासायनिक पृथक्करणासाठी पाठवण्यासारखा आहे. त्यात क्रोमियम ऑक्साइडची टक्केवारी तर मागाच, पण क्रोमियम आणि लोहाचे गुणोत्तरही मागा. पोलादासाठी हे गुणोत्तर तीनास एकच्या जवळ असलेला माल परंपरेने उत्तम मानला जातो, आणि लोह जास्त असले की टक्केवारी चांगली दिसूनही भाव मिळत नाही.

आणि जमीन आपली असली तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरील हक्क सामान्यतः शासनाचा असतो. क्रोमाइटचा खाणपट्टा खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे लिलावातून दिला जातो. त्यामुळे ‘खाण मिळवून देतो’ असे सांगत कोणी आगाऊ पैसे मागू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा. नमुन्याबद्दल अधिकृत मत हवे असेल तर सिंधुदुर्गच्या जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे किंवा राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडे अर्ज करावा, आणि दगड नेमका जमिनीच्या कोणत्या भागात, किती खोलीवर आणि कोणत्या खडकाला चिकटलेला मिळाला ते अर्जात लिहावे. सुटा दगड ओढ्याने वाहून आणलेला असू शकतो. चिकटलेला खडक पाहिल्याशिवाय कोणताही भूवैज्ञानिक ठाम मत देणार नाही.